पहिलं बोट

आमच्या वाशिमात पेठेच्या तोंडाशी एक पुस्तकांचं दुकान होतं. त्याचे गोडवे गाणारी म्हातारी माणसं अजून भेटतात. लग्नाकार्यात पंगत उठली की पान लावता लावता कोणीतरी विषय काढतंच, की त्या दुकानातल्या काकूंना काय पारख होती, काकूंनी बोट लावलेलं पुस्तक कधी वाया गेलं नाही. मी तिथेच बसलेली असते. सुपारी कातरते आणि गप्प राहते. आता वय झालं, आणि गप्प राहण्यात काही शहाणपण होतं असंही वाटेनासं झालं, म्हणून लिहून टाकते.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. पाट्या, पेन्सिली, पंचांगं, शाळेची क्रमिकं, लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या, आणि एका काचेच्या कपाटात कादंबऱ्या, गोष्टी, नाटकं. गादीवर मालक बसायचे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. माणूस सरळ होता, पण पुस्तकातलं त्यांना कळायचं ते एवढंच, की बांधणी पक्की आहे की नाही. त्यांच्या हाताखाली एक म्हातारे मुनीम होते. त्यांनी जन्मात एकच कादंबरी वाचली होती आणि येईल त्याला ते तीच काढून देत. आधीच वाचली आहे असं कोणी म्हटलं तर पुन्हा वाचा म्हणत, कारण शेवट गोड होता.

दाराशी खिळ्याला एक चोपडी टांगलेली असे आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. पुस्तक वाचून झालं की गिऱ्हाइकाने त्यात आपलं मत लिहायचं, म्हणजे पुढच्याला निवडायला बरं. काकांना वाटायचं, पुण्या-मुंबईकडे असंच करत असतील. शेलूबाजारचे एक गृहस्थ प्रत्येक पुस्तकापुढे ‘तरुणांनी वाचू नये’ असं लिहीत, आणि ते पुस्तक तरुण पोरं दोन दिवसांत उचलत. कापसाच्या एका दलालाने एका जाड कादंबरीपुढे फक्त ‘वजनदार’ असं लिहिलं होतं. बाकी सगळे ‘उत्तम’. ती चोपडी मी पुढे सगळी वाचली. शंभर माणसांनी शंभर पुस्तकांबद्दल मतं दिली होती आणि त्यात मत असं कुठेच नव्हतं.

बायका पुढच्या दाराने येत नसत. त्यांच्यासाठी बोळातलं मागचं दार होतं आणि तिथे काकू बसायच्या. मागच्या दाराने पुस्तक विकत न्यावं लागत नसे. आठ दिवस वाचायला न्यायचं, आवडलं तर घरी सांगून घ्यायला लावायचं. आता बायकांनी मत कसं द्यावं? चोपडी पुढे, पुरुषांच्या हाताखाली. शिवाय बऱ्याच जणी अडखळत वाचायच्या, लिहायची लाज वाटायची, आणि नाव तर कोणीच लिहिलं नसतं. त्यावर काकूंनीच तोड काढली. पुस्तक आवडलं तर शेवटच्या पानावर, मजकूर संपतो त्याच्या खाली, कुंकवाचं एक बोट लावायचं. नाही आवडलं तर कोरं परत करायचं. ज्या पुस्तकाच्या शेवटी सातआठ बोटं दिसतील ते बाकीच्यांनी डोळे मिटून न्यावं.

चाल गावभर रुजली. पुढे पुढे पुरुषसुद्धा चोपडी बाजूला ठेवून शेवटचं पान उघडून बघू लागले. काका नवी पुस्तकं मागवायचे ती बोटं बघून. अनसिंगपासून बैलगाडीने बाजाराला आलेल्या बायका आधी मागच्या बोळात जायच्या आणि मग बांगड्या भरायला.

मी या सगळ्यात आले ती एकोणिसाव्या वर्षी. वडील अनसिंगला मास्तर होते, त्यांनी मला मुलांच्या बरोबरीने वाचायला शिकवलं. लग्न झालं, तीन वर्षांत नवरा तापाने गेला, तोवर वडीलही गेले होते, आणि मी वाशीमला भावाकडे आले. दादा तहसिलीत कारकून होता. तो वाईट नव्हता, वहिनीही वाईट नव्हती. मला दोन वेळचं जेवण होतं आणि दोन वेळचा स्वयंपाकही माझ्याकडेच होता. पण त्या घरात मला बसायला जागा अशी नव्हती. पुस्तक हातात घेतलं की वहिनीला काहीतरी निवडायचं आठवायचं.

तेव्हा पुस्तकं यायची ती अकोल्यापर्यंत आगगाडीने आणि पुढे मोटारीने. बरीच पुस्तकं पानं न कापता यायची. छापलेला कागद घडी घालून तसाच शिवलेला, कडा जोडलेल्या. त्या कापल्याशिवाय पुस्तक उघडत नसे. हे काम मुनीमजी करत, पण त्यांचा हात थरथरू लागला आणि पानं फाटू लागली. काकूंनी वहिनीला विचारलं, की तुमची नणंद दुपारची रिकामी असते का. मी रिकामी कधीच नसायची, पण काकूंकडून वहिनीला नवं पुस्तक सगळ्यांच्या आधी मिळणार होतं, म्हणून मला सोडलं.

मागच्या खोलीत खिडकीपाशी पोतं टाकून मी बसायचे. हातात हाडाची पट्टी. घडीत सरकवायची, कागद ताणून धरायचा आणि एका दमात ओढायची. कापता कापता वाचायचे. आधी एकेक ओळ, मग एकेक पान, मग सरळ अख्खं पुस्तक. काकू काही बोलल्या नाहीत. त्या पहिल्या दोन वर्षांत मी जितकी सुखी होते तितकी आधी नव्हते आणि नंतरही झाले नाही, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

काकूंना वाचता येत नाही हे मला कळलं ते एका दसऱ्याच्या पायी.

धनजच्या एका जमीनदाराने बैल आजारी पडला म्हणून गुरांच्या रोगांवरचं एक पुस्तक नेलं होतं. बैल बरा झाला की मेला ते माहीत नाही, पण पुस्तक दसऱ्यापर्यंत त्यांच्याच घरी राहिलं. घरात दुसरं पुस्तक नव्हतं. मग पूजेला तेच मांडलं. नांगराचा फाळ, विळे, वजनं आणि मधोमध गुरांचे रोग. घरातल्या आणि शेजारच्या बायकांनी रीतीप्रमाणे कुंकू वाहिलं. कोणी सांगितलं होतं की वाशीमच्या दुकानाचं पुस्तक असलं की कुंकू शेवटच्या पानावर लावायचं असतं, म्हणून सगळ्यांनी तिथेच लावलं. पुस्तक परत आलं ते अकरा बोटं घेऊन. अकरा बोटं तोवर कोणत्याच पुस्तकाला पडली नव्हती. काकांनी तातडीने आणखी डझनभर प्रती मागवल्या.

मी हसून हसून पट्टी खाली टाकली. काकू हसल्या नाहीत. नव्यानेच लग्न होऊन आलेली एक पोर दाराशी उभी होती, तिच्या हातात त्यांनी तेच पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, अकरा बोटं आहेत, ने. पोर बिचारी पदराखाली घेऊन गेली. मी काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. मुखपृष्ठावर बैलाचं चित्र नव्हतं, नुसती अक्षरं होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं त्यांनी नुसती बोटं मोजून आणि बायकांना गोष्ट विचारून दुकान चालवलं होतं. हुशारी होतीच ती, मी नाही म्हणत नाही.

पोर गेल्यावर काकूंनी दार लोटलं आणि माझ्यापुढे येऊन बसल्या.

“तुले समजलं ना,” त्या म्हणाल्या. “कोनाले सांगू नको बाई. तू वाचून मले सांगत जाय. बोट मी लावीन.”

मी हो म्हटलं. का म्हणू नये? माझ्या हाताला कुंकू नव्हतं. मी कितीही पुस्तकं वाचली तरी माझं मत शेवटच्या पानावर उमटणार नव्हतं. आता ते उमटणार होतं, काकूंच्या बोटाने का होईना. तेव्हा मला त्याचा आनंद झाला. आज त्या आनंदाची चीड येते.

तेव्हापासून आलेलं प्रत्येक पुस्तक आधी माझ्या हाताखालून जायचं. मी वाचायचे, दुपारी काकू तांदूळ निवडत असल्या की त्यांना गोष्ट सांगायचे, आणि शेवटी चांगलं की वाईट ते सांगायचे. चांगलं म्हटलं की काकू कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून पहिलं बोट लावायच्या. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला अडकित्त्याची जुनी जखम होती, त्यामुळे त्यांचं बोट मधोमध चिरलेलं उमटायचं. गावातल्या बायका ते लांबून ओळखायच्या. चिरलेलं बोट असेल तर बाकीची बोटं कोणी मोजतसुद्धा नसे.

माझी निवड सोपी नव्हती. नुसत्या रडक्या गोष्टींना मी बोट देत नसे. बाई शहाणी दाखवलेली असेल, भाषा साधी असेल आणि लिहिणारा आपल्याला उपदेश करत नसेल, तर मी हो म्हणायचे. बायका आधी कुरकुरल्या. मग त्यांना ते आवडू लागलं. आवड लागते ती अशीच, कोणीतरी चिकाटीने लावावी लागते. वहिनी घरी मला सांगायची, “हे वाचून पाह्य, काकूंचं बोट हाय याच्यावर.” मीच निवडलेलं पुस्तक, मीच कापलेली पानं, आणि मला सांगायची की यातली नायिका तुला समजायची नाही, समजून देऊ का. मी म्हणायचे, द्या.

एक गोष्ट काकूंच्या पदरात टाकलीच पाहिजे. मी सांगितलेली कथा त्या बायकांना सांगायच्या तेव्हा ती माझ्यापेक्षा सरस व्हायची. मी जे दहा वाक्यांत सांगे ते त्या तीन वाक्यांत सांगत आणि नेमक्या जागी थांबत, की समोरच्या बाईने पुस्तक नेलंच पाहिजे. हे मी लिहिलं नाही तर मीही त्यांच्याचसारखी ठरेन.

असं पाच वर्षं चाललं. मग गावातल्या चार शिकल्यासवरल्या माणसांनी वाचनालय काढायचं ठरवलं. एक वकीलसाहेब त्यांचे पुढारी. कापसाच्या जिनाशेजारची एक जुनी इमारत मिळाली. तिथे बायकांसाठी वेगळी खोली ठेवायची आणि तिच्यावर एक बाई नेमायची असं ठरलं. त्या बाईने पुस्तकं निवडायची, बायकांना द्यायची, आणि मागच्या बाजूला तिला राहायला एक खोली मिळणार होती. महिन्याचं थोडं मानधनही होतं.

दादाने ही बातमी जेवताना सांगितली आणि माझा घास तोंडातच राहिला. ती खोली मी बाहेरून पाहिली होती. एक खिडकी, एक दार, दाराला कडी. आतून लावायची कडी. मला दुसरं काही नको होतं. कोणाची भाकर थापायची नाही, कोणाला विचारून पुस्तक उघडायचं नाही, आणि हे पुस्तक चांगलं आहे असं माझ्या तोंडाने सांगायचं. मी दादाला म्हटलं, की माझं नाव सुचव. दादा गडबडला, पण त्याने सुचवलं. घरातलं एक माणूस कमी होईल हाही विचार त्याने केला असेल. तो त्याचा हक्कच होता.

वकीलसाहेबांनी सांगून पाठवलं, की नाव वाईट नाही, पण तिला पुस्तकातलं काही कळतं का हे कोणाला तरी विचारावं लागेल. आणि वाशिमात पुस्तकातलं कोणाला विचारायचं हे ठरलेलंच होतं. मी हसले. पाच वर्षं मी पुस्तकांच्या शिफारशी केल्या होत्या, शेकड्याने. आता मला एकच शिफारस हवी होती, आणि ती करणारी बाई माझ्याच डोळ्यांनी वाचत होती. मला जरासुद्धा काळजी वाटली नाही.

आदल्या दिवशी मी काकूंना सगळं सांगितलं. खोलीचं, कडीचं. त्या ऐकून घेत होत्या. तुला वाचता येत नाही हे सांगू नको, मी म्हटलं, नुसतं एवढं सांग की हिला पारख आहे. त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा अगंतुगं केलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकीलसाहेब दुकानात आले. काकू मधल्या दाराच्या पडद्यामागे उभ्या राहिल्या आणि मी मागच्या खोलीत पोत्यावर, हातात पट्टी. सगळं ऐकू येत होतं. वकीलसाहेब फार अदबीने बोलले. म्हणाले, गावात पुस्तकाची खरी पारख तुम्हाला आहे, हे आम्ही पुरुषही मानतो. मग कपाटातून त्यांनी पाचसहा पुस्तकं काढून शेवटची पानं उघडली असावीत, कारण म्हणाले, ही तुमची बोटं, ही इतर बायकांची. या बाईचं यात कुठे काही दिसत नाही. अर्थात दिसणार कसं, ते मी समजतो. म्हणून तुम्हालाच विचारतो, तिला यातलं कळतं का?

पडद्याच्या या बाजूने मला त्यांची पाठ दिसत होती. मी पट्टी घट्ट धरली होती.

“पानं बरी कापते पोरगी,” काकू म्हणाल्या. “हात साफ हाय तिचा.”

वकीलसाहेबांनी आणखी काही विचारलं का, असं कोणी विचारेल. विचारलं. पण पुस्तकातलं? ते म्हणाले. आणि काकू म्हणाल्या, ते मले काय मालूम. मग मुनीमजींनी त्यांना आपली ती कादंबरी दाखवली आणि वकीलसाहेब निघून गेले.

काकू आत आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी सूप उचललं. मला वाटलं काही बोलतील. मी विचारलं नाही की काहून असं केलं. मला कारण कळलंच होतं. पाच वर्षं गावातल्या सवाष्णींनी आपलं कुंकू ज्या पहिल्या बोटाखाली लावलं होतं ते एका विधवेचं होतं, हे एकदा बाहेर पडलं असतं तर वाशिमातल्या निम्म्या घरांतून ती पुस्तकं उंबऱ्याबाहेर फेकली गेली असती. कोणाचं मूल दगावलेलं, कोणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळं त्या शेवटच्या पानावर येऊन पडलं असतं. दुकान बसलं असतं. आणि काकूंना वाचता येत नाही हेही उघड झालं असतं. हे सगळं मला तेव्हाच समजलं. पण ‘हिला कळतं’ एवढे दोन शब्द बोलायला यातलं काहीच आड येत नव्हतं. आपलं गुपित राखून माझं भलं करता आलं असतं. त्या इतक्या घाबरल्या, की माझ्या नावापासून जितकं लांब सरता येईल तितकं सरल्या. ते मी विसरले नाही.

हातातलं पुस्तक अर्धं कापून झालं होतं. ते तसंच पोत्यावर ठेवून मी घरी आले.

वाचनालयातली जागा वकीलसाहेबांच्या मेहुणीला मिळाली. तिने पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. बुटकी खाली, उंच वर. सहा महिन्यांत ती आपल्या माहेरी निघून गेली आणि बायकांच्या खोलीत खुर्च्या भरून ठेवल्या. कडीला कुलूप लागलं ते बाहेरून.

मी दुकानात जाणं सोडलं. काकू अंदाजाने बोटं लावू लागल्या. पुस्तक जाड असलं तर, किंवा चित्रं असली तर. तीनचार महिन्यांत बायका कुजबुजू लागल्या. वहिनी एक दिवस पुस्तक आपटून म्हणाली, की काकूंची पारख गेली आता, म्हाताऱ्या झाल्या. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी त्या दिवशी भाकरी थापताना गुणगुणत होते आणि वहिनीने विचारलं, की काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

माझं स्वतःचंही वाचन त्याबरोबर गेलं. वहिनी आणायची ती तसलीच पुस्तकं हाताला लागायची, आणि तीही उरलेल्या वेळात. पण तेव्हा मी त्याचा विचार करत नव्हते.

चौथ्या वर्षी काका गेले. दहाव्याला जायला माझं मन झालं नाही. महिना उलटल्यावर वहिनीच म्हणाली, की तू एकदा जाऊन ये, त्या तुझं नाव काढतात. मी बोळातून मागच्या दाराने गेले. पुढची खोली बंद होती. मुनीमजी गावी निघून गेले होते. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, माझ्या जागी, पोत्यावर. कपाळ मोकळं होतं. मी ते कपाळ तसं कधी पाहिलं नव्हतं आणि मला क्षणभर ओळख पटली नाही.

रडारड काही झाली नाही. आम्ही दोघी इकडचं तिकडचं बोललो. मग त्या उठल्या आणि कोपऱ्यातून एक पार्सल ओढत आणलं. तरटात शिवलेलं, अकोल्याच्या मोटारीतून उतरलेलं तसंच.

“त्यायनं मांगवले होते,” त्या म्हणाल्या. “मी कोनाले हात लावू नाही देल्ला. तुह्यासाठी ठेवले. आता बोटाचं काई नाही राह्यलं. तू आपली वाच.”

आणि पाट्यांच्या फडताळातून त्यांनी हाडाची पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. पुसून ठेवलेली होती ती.

माफी मागायची त्यांची ही रीत होती, हे मला लगेच कळलं. माझ्याजागी दुसरी असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या मनात एवढंच आलं, की चार वर्षं मी वाट बघत होते ती याची.

मी तरट उसवलं. तेरा पुस्तकं होती. नव्या कागदाचा वास आला. मी मांडी घालून बसले, पहिलं पुस्तक उचललं आणि पट्टी घडीत सरकवली. एकेक पान कापलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. नजर कागदाच्या कडेवर ठेवली, अक्षरांवर जाऊ दिली नाही. ते किती कठीण असतं ते वाचणाऱ्यालाच कळेल. काकू समोर बसून बघत होत्या. पाचव्या-सहाव्या पुस्तकानंतर त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी हात पुढे केला आणि मग मागे घेतला. मी थांबले नाही. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं तोवर तेराही पुस्तकं कापून झाली. एकही कड फाटली नाही. मी त्यांची नीट चळत रचली, वरून हात फिरवून धूळ झटकली आणि उठले.

“कोन्तं बरं हाय?” काकूंनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

“मी पानं बरी कापते, काकू,” मी म्हटलं. “बाकीचं मले काय मालूम.”

काकूंनी उजव्या हाताचं बोट डाव्या हातात धरलं होतं, चिरलेलं ते. मी पदर सारखा केला आणि बोळात आले. घरी जाईपर्यंत मला हलकं वाटत होतं. संध्याकाळी चूल पेटवताना वाटेनासं झालं.

पुढे काकूंना त्यांचा पुतण्या आपल्या गावी घेऊन गेला. दुकानात त्याने तेलाच्या घाण्याचं सामान ठेवलं. ती तेरा पुस्तकं कुठे गेली ते मला कळलं नाही. मी चौकशी केली होती, उशिरा, पण केली होती. पुतण्याला ती आठवत नव्हती.

नवव्या पुस्तकाला मात्र माझी नजर चुकली होती. कड कापून पान मोकळं झालं आणि खालच्या दोन ओळी वाचल्या गेल्या. एक बाई विहिरीवरून घागर घेऊन येते आहे, आणि वाटेत तिला तिची सासू विचारते, की इतके दिवस तू मनात काय धरून बसली आहेस. उत्तर पुढच्या पानावर होतं. पान कापलेलंच होतं, नुसतं उलटायचं होतं. मी ते पुस्तक मिटून चळतीवर ठेवलं. त्या बाईने काय सांगितलं ते मला आजपर्यंत माहीत नाही.